कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७ – १९३८) हे भारतीय पदार्थवैज्ञानिक आणि खगोलशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात १८८८ मध्ये उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते संस्थापक व संचालक होते. ताऱ्यांची केवळ स्थाने मोजण्यापलीकडे जाऊन त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणारी, म्हणजे खगोलभौतिकीला वाहिलेली, ही भारतातील अगदी सुरुवातीची वेधशाळा होय. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतलेले वेध ही त्यांची प्रमुख कामे मानली जातात. ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद करण्यात आली व तिची उपकरणे कोडाईकनाल येथे हलविण्यात आली.

शिक्षण आणि अध्यापन

नायगमवाला हे पारशी समाजातील होते. त्यांचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय घेऊन १८७८ मध्ये ते एम. ए. झाले आणि विद्यापीठाच्या कुलपतींचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. १८८२ मध्ये त्याच महाविद्यालयात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी भारतातील आधुनिक खगोलशास्त्र मुख्यतः सरकारी गरजांशी बांधलेले होते. मद्रास वेधशाळेत ताऱ्यांची स्थाने मोजून त्यांच्या सूची तयार करण्याचे काम चाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत वेळ, हवामान व पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या नोंदी होत. भारतीय सर्वेक्षण खात्याने १८७८ पासून डेहराडून येथे सूर्याची दैनंदिन छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली होती. कलकत्त्यात सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर युजीन लाफाँ यांनी सूर्याच्या अभ्यासासाठी एक वेधशाळा उभारली होती. मात्र ताऱ्यांचा व तेजोमेघांचा प्रकाश लोलकातून नेऊन ते कशाचे बनले आहेत हे शोधण्याची सोय पश्चिम भारतात नव्हती. महाविद्यालयातील प्रयोगशाळांतही वर्णपटाच्या अभ्यासाची साधने तुटपुंजी होती. नायगमवालांचे पुढील सर्व काम या उणिवेतून सुरू झाले.

भावनगरची देणगी

काठेवाडातील भावनगर संस्थानचे अधिपती महाराजा तख्तसिंगजी (कारकीर्द १८७० – १८९६) हे शिक्षण व लोकोपयोगी कामांना सढळ हाताने साहाय्य करणारे संस्थानिक म्हणून प्रसिद्ध होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात वर्णपटविज्ञानाची प्रयोगशाळा काढण्यासाठी नायगमवालांनी त्यांच्याकडून १८८२ मध्ये ५,००० रुपयांची देणगी मिळविली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम आपल्याकडून घातली. अशा रीतीने १०,००० रुपयांचा निधी उभा राहिला.

उपकरणे निवडून त्यांची मागणी नोंदविण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख विल्यम क्रिस्टी व सूर्याच्या वर्णपटाचे ख्यातनाम अभ्यासक नॉर्मन लॉक्यर यांच्याशी झालेल्या विचारविनिमयातून मूळ योजनेला वेगळे वळण लागले. युरोपातील ढगाळ हवेत महिन्यातून मोजक्याच रात्री वेध घेता येत. भारतात पावसाळा सोडला तर बहुतेक रात्री निरभ्र असत. त्यामुळे केवळ महाविद्यालयीन प्रयोगशाळा न काढता आकाशस्थ पदार्थांच्या वर्णपटांसाठी वेधशाळाच काढावी, असे ठरले.

मुंबईची दमट हवा दुर्बिणीस मानवणारी नव्हती. १८८५ मध्ये नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि वेधशाळाही पुण्यातच व्हावी असे निश्चित झाले. मुळा-मुठेच्या संगमाजवळचे हे महाविद्यालय म्हणजेच १९११ नंतर कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था होय.

महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा

वेधशाळा १८८८ मध्ये तयार झाली व तिला देणगीदाराचे नाव देण्यात आले. तिच्या दुर्बिणी व साधने मुख्यतः ब्रिटिश बेटांतील कारागिरांकडून आलेली होती. त्यांपैकी डब्लिन येथील हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंच (सुमारे ५१ सेंटिमीटर) व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण विशेष प्रसिद्ध आहे. ती त्या वेळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती आणि पुढे अनेक दशके तिची गणना देशातील मोठ्या दुर्बिणींत होत राहिली.

वेधांच्या दृष्टीने पुण्याचे स्थान अनुकूल होते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर व सह्याद्रीच्या पूर्वेस असल्याने हिवाळ्यात तेथील हवा कोरडी असते. अक्षांशाचाही लाभ होता. मृग नक्षत्रातील तेजोमेघ लंडनहून पाहताना मध्यमंडलावर आला तरी क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर असतो. पुण्याहून तो सुमारे ६६ अंश उंचीवर येतो. पदार्थ क्षितिजाजवळ असला की त्याच्या प्रकाशाला वातावरणाचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो. त्यात फिकट प्रकाश आणखी फिकट होतो व प्रतिमा थरथरते. कृत्तिका हा तारकागुच्छ तर पुण्यात जवळजवळ डोक्यावरून, खस्वस्तिकाच्या सहा अंशांच्या आतून जातो.

अडचणीही कमी नव्हत्या. जून ते सप्टेंबर या काळात आकाश जवळजवळ बंद असे. त्या वेळच्या दुर्बिणींचे आरसे काचेवर चांदीचा पातळ थर चढवून केलेले असत. दमट हवेत ही चांदी काळवंडे व ठरावीक काळाने जुना थर काढून नवा चढवावा लागे. वेधशाळेचे काम नायगमवालांना महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून करावे लागे. युरोपातील मोठ्या वेधशाळांत असे तसा साहाय्यकांचा ताफा पुण्यात कधीच नव्हता.

तेजोमेघांचे दीर्घ उद्भासन आणि त्या काळचा प्रश्न

पुण्याची वेधशाळा उभी राहत होती त्याच सुमारास आकाशाच्या छायाचित्रणात मोठे स्थित्यंतर घडत होते. डोळा कितीही वेळ दुर्बिणीला लावून बसला तरी त्याला क्षणभराचाच प्रकाश दिसतो. छायाचित्राच्या काचेवर मात्र प्रकाशाचा परिणाम साचत जातो. जुन्या पद्धतीत काच ओली असतानाच वापरावी लागे व ती काही मिनिटांत वाळून निकामी होई. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचांमुळे हे बंधन सुटले. आता काच तासन्‌तास प्रकाशाला उघडी ठेवता येऊ लागली. यालाच दीर्घ उद्भासन म्हणतात. त्यासाठी पृथ्वीच्या फिरण्याबरोबर दुर्बीण घड्याळी यंत्राने फिरवावी लागे. यंत्रातील बारीक चुका दुरुस्त करण्यासाठी निरीक्षकाला एका मार्गदर्शक ताऱ्यावर नजर खिळवून सर्व वेळ बसावे लागे. तारा तारेच्या खुणेवरून किंचित सरकला की दुर्बीण हाताने जागेवर आणावी लागे, नाही तर सारी रात्र वाया जाई.

अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटांचे उद्भासन देऊन मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ च्या जानेवारीत अँड्र्यू कॉमन यांनी इंग्लंडमध्ये ३६ इंची परावर्ती दुर्बिणीने ३७ मिनिटांत घेतलेल्या छायाचित्रात डोळ्यांना कधीच न दिसलेले तपशील उमटले. आयझॅक रॉबर्ट्स यांनी ग्रब यांच्याकडून घेतलेली २० इंची परावर्ती दुर्बीण, म्हणजे पुण्यातील दुर्बिणीच्याच मापाचे व त्याच कारखान्यातील यंत्र, छायाचित्रणासाठी वापरली. त्यांच्या १८८६ मधील छायाचित्रांत कृत्तिकांचे तारे धुक्यासारख्या विस्तीर्ण आवरणात गुरफटलेले दिसले. १८८८ च्या डिसेंबरात सुमारे चार तासांच्या उद्भासनातून देवयानीतील तेजोमेघाची सर्पिल रचना उमटली. त्यानंतरच्या वर्षापासून लिक वेधशाळेत एडवर्ड बार्नार्ड यांनी आकाशगंगेच्या पट्ट्याची दीर्घ उद्भासनाची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. त्यांत दाट ताऱ्यांमध्ये काळे, रिकामे वाटणारे भाग ठळकपणे दिसू लागले.

या छायाचित्रांनी एक प्रश्न तीव्र केला. हे फिकट ढग कशाचे आहेत? छायाचित्र ढगाचा आकार दाखवीत असे, द्रव्य नव्हे. तापलेला विरळ वायू ठरावीक रंगांच्या रेषांतच प्रकाश देतो. धूळ मात्र जवळच्या ताऱ्याचाच प्रकाश परत फेकते व तिचा वर्णपट त्या ताऱ्यासारखा असतो. म्हणून निवाडा वर्णपटातूनच होऊ शकत होता. फिकट तेजोमेघाचा थोडासा प्रकाश लोलकाने आणखी पसरविल्यावर तो इतका मंद होई की त्याच्या वर्णपटाचे वेध हे दुर्बीण व निरीक्षक या दोघांच्याही कसोटीचे काम ठरे. नायगमवालांनी पुण्यात प्रथम हेच काम हाती घेतले.

मृगातील तेजोमेघ आणि लॉक्यर यांचा सिद्धांत

मृगाच्या मध्यभागी तिरप्या रेषेत तीन ठळक तारे आहेत. लोकपरंपरेत त्यांना व्याधाचा बाण म्हणतात. त्यांच्या दक्षिणेस नुसत्या डोळ्यांनीही अंधुक डागासारखा दिसणारा पदार्थ म्हणजे मृगातील महातेजोमेघ होय. १८६४ मध्ये विल्यम हगिन्झ यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना अखंड रंगपट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा आढळल्या. मृगातील तेजोमेघातही त्याच रेषा दिसल्या. त्यांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा, म्हणजे सुमारे ५००७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची मुख्य तेजोमेघ रेषा, पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. काहींनी तिच्यासाठी नेब्युलियम या नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली.

लॉक्यर यांचे म्हणणे वेगळे होते. त्यांच्या उल्का-सिद्धांतानुसार तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून विश्वातील सर्व तारे अशाच थव्यांतून निर्माण झाले. उल्कांच्या दगडात मॅग्नेशियम असते. जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात हिरव्या भागात एक पट्टा दिसतो. त्याची एक कड तीक्ष्ण असते व तेथून तो निळ्या बाजूला हळूहळू विरत जातो. ही कड मुख्य तेजोमेघ रेषेच्या अगदी जवळ येते. म्हणून ती रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा शिल्लक उरलेला, ठळक कडेचा भाग होय, असा लॉक्यर यांचा दावा होता. तो खरा ठरला असता तर तेजोमेघांत उल्कांचे द्रव्य असल्याचा भक्कम पुरावा मिळाला असता. हगिन्झ यांना हा दावा मान्य नव्हता आणि दोन्ही पक्षांत काही वर्षे तीव्र वाद चालला.

या वादाचा निकाल लावण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे रेषेचे स्थान अतिशय अचूकपणे मोजणे. दुसरा म्हणजे तिचे स्वरूप पाहणे. ती पट्ट्याचा अवशेष असेल तर तिची निळ्या बाजूची कड पुसट, विरत जाणारी दिसली पाहिजे. ती विरळ वायूची स्वतंत्र रेषा असेल तर दोन्ही कडा सारख्याच रेखीव असल्या पाहिजेत. हा फरक कमी पसरणाऱ्या वर्णपटदर्शकात कळत नाही, आणि अधिक पसरणाऱ्या उपकरणात प्रकाश इतका मंद होतो की रेषाच दिसेनाशी होण्याचा धोका असतो.

नायगमवालांनी पुण्याच्या आकाशात उंचावर येणाऱ्या तेजोमेघाचा फायदा घेऊन प्रकाश बराच पसरविणाऱ्या वर्णपटदर्शकाने ही रेषा तपासली. उपकरणाची मांडणी बदलून पाहिली तरी प्रत्येक वेळी ती बारीक व दोन्ही बाजूंनी रेखीवच दिसली. निळ्या बाजूला ती विरत असल्याची कोणतीही खूण आढळली नाही. हे निरीक्षण त्यांनी १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात प्रसिद्ध केले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी त्या काळच्या सर्वांत मोठ्या, ३६ इंची अपवर्ती दुर्बिणीने रेषेचे स्थान मोजले व तेही मॅग्नेशियमच्या पट्ट्याशी जुळत नसल्याचे दाखवून दिले. या दोन प्रकारच्या पुराव्यांपुढे लॉक्यर यांच्या दाव्याला आधार उरला नाही.

या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे. पुण्यात वेधशाळा व्हावी असा आग्रह धरणाऱ्यांत लॉक्यर हे प्रमुख होते. ब्रिटिश साम्राज्यातील सूर्यविषयक कामावर त्यांचा मोठा प्रभाव होता आणि नेचर या साप्ताहिकाचे ते संस्थापक-संपादक होते. त्यांच्या सल्ल्याने उभ्या राहिलेल्या वेधशाळेतील पहिल्याच महत्त्वाच्या निष्कर्षाने त्यांच्या आवडत्या सिद्धांताला बाध आणला. नव्या, दूरच्या व साधनांसाठी सरकारवर अवलंबून असलेल्या वेधशाळेच्या भारतीय प्रमुखासाठी ही गोष्ट सोपी नव्हती. नायगमवालांनी जे दिसले ते नोंदविले व प्रसिद्ध केले. त्यानंतरही १८९८ च्या ग्रहणासारख्या कामांत दोघेही आपापल्या ठिकाणी सहभागी होते.

१८९८ चे खग्रास सूर्यग्रहण

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा छायापट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून दख्खन व वऱ्हाड ओलांडत ईशान्येकडे गेला. हिवाळ्याचे निरभ्र आकाश आणि रेल्वेची सोय यांमुळे जगभरातील पथके भारतात आली. लॉक्यर यांनी विजयदुर्ग येथे तळ दिला. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे एडवर्ड वॉल्टर माँडर, ॲनी माँडर व जॉन एव्हरशेड आले. पुलगाव येथेही इंग्लंडहून आलेले एक पथक होते. तळणी व पुलगाव ही ठिकाणे मुंबईहून जळगाव व भुसावळमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर होती. खुद्द खानदेश छायापट्ट्याच्या उत्तरेस राहिल्याने तेथे ग्रहण खंडग्रास दिसले.

विजयदुर्ग किल्ल्यावरील ज्या चौथऱ्यांना साहेबाचे ओटे म्हणतात ते लॉक्यर यांच्या या मोहिमेशी निगडित आहेत. हेलियमचा शोध तेथे लागला अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. प्रत्यक्षात लॉक्यर यांनी सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना पाहिली होती. विजयदुर्गला ते त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी आले.

नायगमवालांनी आपल्या पथकासाठी सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे ठिकाण निवडले. पुण्याहून रेल्वेने तेथे अवजड उपकरणे नेणे शक्य होते. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांनीही जेऊरजवळच आपली छावणी उभारली होती. त्या काळात मुंबई इलाख्यात प्लेगची साथ सुरू होती आणि पुण्याने आदल्याच वर्षी तिचा भीषण अनुभव घेतला होता. अशा परिस्थितीत माणसे, काचा, रसायने व यंत्रे जमवून मोहीम पार पाडणे हे मोठे व्यवस्थापनाचे काम होते.

जेऊर येथे खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. तेजोमेघाच्या कामात उद्भासन हवे तितके वाढविता येते व एक रात्र फसली तर दुसरी मिळते. ग्रहणात मात्र सर्व काही त्या दोन मिनिटांत साधावे लागते. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेवरील वर्णावरणाचा वर्णपट तेजस्वी रेषांच्या स्वरूपात काही सेकंद चमकून जातो. याला क्षणिक वर्णपट म्हणतात. त्याचे छायाचित्र प्रथम १८९६ मध्येच नोव्हाया झेम्ल्या बेटावर विल्यम शॅकल्टन यांना घेता आले होते. जेऊरच्या पथकाच्या कार्यक्रमात या वर्णपटाबरोबरच प्रभाकिरीट, म्हणजे सूर्याभोवतीचे फिकट मोतिया तेजोवलय, याचे वेधही होते. प्रभाकिरीटाचा आतील भाग तेजस्वी व बाहेरचा अतिशय फिकट असल्याने एकाच उद्भासनात दोन्ही मिळत नाहीत. त्यासाठी कमी-अधिक वेळेच्या काचा ठरलेल्या क्रमाने व चपळाईने बदलाव्या लागतात. म्हणून प्रत्येक साहाय्यकाची हालचाल आधीच पुन्हा पुन्हा घोटून घेण्याची अशा मोहिमांत पद्धत असे.

ग्रहणाच्या दिवशी आकाश स्वच्छ राहिले आणि वर्णपटांची छायाचित्रे मिळाली. त्यांची मोजमापे करून तयार केलेला विस्तृत अहवाल १९०२ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेच्या प्रकाशनमालेतील पहिला खंड म्हणून मुंबईत छापण्यात आला. भारतीय शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली पार पडलेल्या आधुनिक ग्रहणमोहिमांपैकी ही अगदी आरंभीची मोहीम होय. त्याच दिवशी तळणी येथे एव्हरशेड यांनीही क्षणिक वर्णपटाची उत्तम छायाचित्रे घेतली, तर ॲनी माँडर यांनी लहान कॅमेऱ्याने प्रभाकिरीटाचा सूर्यबिंबाच्या कित्येक पट लांब पसरलेला किरण टिपला.

वेधशाळेची अखेर

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील सरकारी खगोलशास्त्राचे केंद्र दक्षिणेकडे सरकले. सूर्याच्या अभ्यासासाठी पळणीच्या डोंगरांत कोडाईकनाल येथे नवी वेधशाळा काढण्यात आली व १९०१ मध्ये तेथील काम सुरू झाले. तिच्यामागे सरकारचा कायमस्वरूपी निधी व कर्मचारीवर्ग होता. पुण्याची वेधशाळा मात्र एका संस्थानिकाच्या देणगीवर व एका प्राध्यापकाच्या परिश्रमांवर उभी होती. देणगीदार महाराजांचे १८९६ मध्येच निधन झाले होते.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्यांच्या जागी दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाची नेमणूक झाली नाही. वेधशाळा बंद करण्यात आली व तिची उपकरणे कोडाईकनालला पाठविण्यात आली. तेव्हा त्या वेधशाळेचे संचालकपद जॉन एव्हरशेड यांच्याकडे होते. चौदा वर्षांपूर्वीच्या ग्रहणात तळणीला वेध घेणारे हे तेच एव्हरशेड. सुमारे चोवीस वर्षे चाललेले पुण्यातील खगोलभौतिकीचे काम अशा रीतीने थांबले.

निवृत्तीनंतर नायगमवाला आणखी सव्वीस वर्षे जगले. ज्या प्रश्नावर त्यांनी १८९१ मध्ये काम केले होते त्याची उत्तरे याच काळात मिळाली. १९१२ च्या डिसेंबरात, पुण्याची वेधशाळा बंद झाली त्याच वर्षी, अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी कृत्तिकांभोवतीच्या धुक्याचा वर्णपट दीर्घ उद्भासनाने टिपला. त्यात तेजस्वी रेषा नव्हत्या. तो कृत्तिकांच्या ताऱ्यांसारखाच होता. म्हणजे ते आवरण ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणाऱ्या कणांचे होते. १९१९ मध्ये बार्नार्ड यांनी आकाशगंगेतील १८२ काळ्या डागांची सूची प्रसिद्ध केली. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी मुख्य तेजोमेघ रेषेचे कोडे सोडविले. ती कोणत्याही नव्या मूलद्रव्याची नसून दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. अशी रेषा केवळ अतिविरळ वायूतच निर्माण होऊ शकते, म्हणून ती प्रयोगशाळेत सापडली नव्हती. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी तारकागुच्छांच्या अंतरांची तुलना करून ताऱ्यांमधील पोकळीत प्रकाश शोषणारी धूळ पसरलेली असल्याचे सिद्ध केले. मृगातील ढग चमकत्या वायूचा आणि कृत्तिकांचे आवरण धुळीचे, हा भेद अशा प्रकारे स्पष्ट झाला. मुख्य रेषा ही विरळ वायूची रेखीव रेषा आहे, हे नायगमवालांचे निरीक्षण त्यात अबाधित राहिले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

उपकरणांचा पुढील प्रवास

पुण्याहून गेलेली २० इंची दुर्बीण कोडाईकनाल येथे दीर्घकाळ वापराविना राहिली. तेथील मुख्य काम दिवसा सूर्याचे वेध घेण्याचे असल्याने रात्रीच्या मोठ्या दुर्बिणीला त्यात स्थान नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा उभारण्यात आली आणि रात्रीच्या वेधांसाठी वापरली गेली. मूळ देणगीची आठवण म्हणून ती भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाते. १९८० च्या दशकात उंचावरील वेधस्थळांची चाचणी करण्यासाठी तिचा लडाखमधील लेह येथे उपयोग करण्यात आला. म्हणजे पहिल्या उभारणीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीही हे यंत्र कामात होते.

महत्त्व

नायगमवालांच्या कामाचे प्रमाण मोठे नाही. त्यांच्या नावावर ताऱ्यांची प्रचंड सूची नाही की नव्या पदार्थांचा शोध नाही. तथापि भारतात खगोलभौतिकीचे संशोधन स्वतःच्या पुढाकाराने सुरू करून त्याचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय वादात निर्णायक ठरावेत या पातळीवर नेणारे ते पहिल्या काही भारतीयांपैकी होते. त्यांच्या वेधशाळेचा इतिहास संस्थांच्या दृष्टीनेही बोधप्रद मानला जातो. उत्तम उपकरणे व अनुकूल आकाश असूनही, काम पुढे चालविणारी माणसे तयार करण्याची व्यवस्था नसल्याने ती संस्थापकाबरोबरच संपली.

पुण्यात खगोलशास्त्राचे संशोधन पुढे वेगळ्या मार्गांनी परत आले. पहिली वेधशाळा तयार झाल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, तेथे आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) ही संस्था स्थापन झाली. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण असून तिच्यावर तारे, तारकागुच्छ व तेजोमेघ यांचे वेध घेतले जातात.